बाली, नाहीतर मॉरिशस

कॉलेज रोडला इराण्णा मठदच्या ऑफिसात
टेबलाच्या काचेखाली दोन बेटं.
"दोन्ही ज्वालामुखीचीच, काका.
हे विझलेलं, हे अजून जागं.
रेट साधारण सारखाच."

मी विझलेल्यावर बोट ठेवलं.
एकतीस वर्षं उद्यमबागेत
क्युपोलाच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस
पीएफच्या पैशानं आणखी आग बघायला जाईल?
मॉरिशसला डोंगराच्या तोंडात म्हणे झाडी उगवलीय,
काठाकाठानं रस्ता, बसायला बाकडी.
शिवाय आपली माणसं आहेत तिथं,
कुणाचे खापरपणजे कोकणातून उसाच्या मळ्यात गेलेले,
अजून गणपती बसवतात, आरती मराठीतच,
आणि पाटी कुठल्या भाषेत यावरून
कुणी दगड उचलत नाही म्हणे.
यातलं प्रत्येक "म्हणे" माझं. मी कुठं गेलोय?

अनगोळला येईपर्यंत शेवंता गप्प.
मेथी निवडताना म्हणाली,
"मी बाली बघतो."
आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, जातो, येतो, बघतो.
पुण्याची सून आधी हसायची,
आता तीही फोनवर "ठेवतो" म्हणते.

म्हटलं, तिथं गंधकाचा वास,
रात्री दोनला उठून जीपमधून चढायचं,
तुझे गुडघे काय म्हणतील?
"गुडघ्यांचं गुडघे बघतील की."

दोन दिवस मग घरातच दोन बेटं,
एक स्वयंपाकघरात, एक कट्ट्यावर.
मधल्या दिवशी पासपोर्टचे कागद काढले
तर माझं जन्मगाव तीन कागदांवर तीन नावांचं,
बेळगाव, बेलगाम, बेळगावी.
कोर्टाच्या आवारात अर्धा दिवस गेला.
वकील म्हणाला, तिन्ही गावं एकच ना?
मी म्हटलं, सही कुठं करायची सांगा.

तिसऱ्या रात्री दिवा घालवल्यावर ती बोलली.
"खंडेनवमीला तुम्ही नेत होता आम्हाला.
भट्टीला हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू.
दरवर्षी आलो मी. दरवर्षी ती थंडगार.
तुमच्या सदऱ्यांना मोहरीएवढी भोकं पडायची,
रफू करून करून डोळे गेले माझे,
आणि ज्यानं पडली ते
एकदाही बघितलेलं नाही.
विझलेलं बेट एकतीस वेळा बघून झालंय माझं."

मी छताकडे बघत राहिलो.
मग सांगायला लागलो,
की रस लाल नसतो, पांढऱ्याच्या जवळचा असतो,
की ओतताना आवाज फार नसतो,
उतू जायच्या आधी दूध जसं गप्प होतं, तसं.
वाळूचा वास. दसऱ्यातही कपाळावर घाम.
भरमाण्णाच्या बुटात थेंब गेला होता
तेव्हा आम्ही त्याच्याकडे नाही, साच्याकडे बघत होतो,
ओतणं मधेच थांबवता येत नाही म्हणून,
एवढं सोडून
सगळं सांगितलं.

सकाळी इराण्णाला ॲडव्हान्स दिला.
पावती फाडत तो म्हणाला,
"धूर दिसेलच याची गॅरंटी नाही हं काकी,
कधीकधी नुसतं धुकं."
"तू लिहून दे म्हटलं का मी?"
तो हसला. "होगी बर्री," म्हणाला, जाऊन या.
निघायला अजून दीड महिना होता.

घरी येऊन ट्रंक उपसली.
तळाला माझा निळ्या काचेचा चष्मा,
एका कडेला तडकलेला.
लेंग्याला पुसून तिच्या हातात दिला.
तोंडाकडे एकदम बघायचं नाही, म्हटलं,
आधी बाजूला बघायचं,
डोळे सरावले की मग आत.

तिनं चष्मा चढवला, गॅस पेटवला,
आणि वाकून बघत राहिली,
बाजूला आधी, मग आत,
चहाचं भांडं हातातच ठेवून.